मॅनिक मायनर आणि स्पेक्ट्रमची ती धून : इंदूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबाग, लोकमान्य नगर, मल्हारगंज या भागांतल्या जुन्या घरांची आवराआवर निघाली, की माळ्यावरून कधी कधी काळ्या कळांचा एक चपटा कॉम्प्युटर, झेडएक्स स्पेक्ट्रम, खाली येतो. सोबत चार-दोन कॅसेट असतात. आणि मग पहिली आठवण येते ती त्या कुरकुरत्या धुनेची. ही प्रश्नोत्तरं त्या यंत्रासाठी, त्या खेळासाठी आणि मुख्यतः त्या धुनेसाठी आहेत.

हा खेळ नेमका कोणता?

मॅनिक मायनर. १९८३ साली इंग्लंडच्या मॅथ्यू स्मिथनं ४८के झेडएक्स स्पेक्ट्रमसाठी लिहिला. तेव्हा तो सतरा वर्षांच्या आसपासचा होता. आधी बग-बाइट या कंपनीनं खेळ विकला, नंतर सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्सनं. मायनर विली नावाच्या खाणकामगाराला एकामागून एक वीस गुहांतून बाहेर काढायचं. प्रत्येक गुहेतल्या लुकलुकणाऱ्या सगळ्या किल्ल्या गोळा केल्याशिवाय दार उघडत नाही. तीन जीव मिळतात, खाली हवेची पट्टी कमी कमी होत जाते, आणि दर १०,००० गुणांना एक जीव वाढतो. गुहा मध्येच सोडून पुढे कधी तिथूनच सुरू करायची सोय नाही. जीव संपले की परत पहिली गुहा.

हे यंत्र इंदूरच्या घरांत आलं कसं?

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स कंपनीनं स्पेक्ट्रम प्लस परवाना घेऊन भारतात विकला. त्यामुळे माळ्यावर सापडतो तो बहुधा डीबी स्पेक्ट्रम प्लस असतो, रबरी कळांचा मूळ स्पेक्ट्रम क्वचित. काहींच्या आठवणीत शाळेतला कॉम्प्युटर असतो. १९८४ मध्ये सुरू झालेल्या शालेय संगणक साक्षरतेच्या योजनेत बीबीसी मायक्रो आले होते. ते वेगळं यंत्र. त्यावर स्पेक्ट्रमची कॅसेट चालत नाही.

माळ्यावरून काढला. सरळ प्लग लावून पाहू का?

नको. सगळ्यात जास्त यंत्रं याच घाईत जातात.

स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतं, करंट १.४ अँपियर. पण त्याच्या पिनचा मधला भाग ऋण आणि बाहेरची नळी धन असते. आज जेल रोडवर मिळणारे बहुतेक ९ व्होल्टचे अडॅप्टर नेमके याच्या उलट. पिन तंतोतंत बसते, आणि म्हणूनच घात होतो. उलट व्होल्टेज गेलं की आतला व्होल्टेज बदलणारा ट्रान्झिस्टर टीआर४ जळतो आणि पाठोपाठ मेमरीच्या चिप्सही जातात. या फळीवर, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डवर, उलट जोडणीपासून संरक्षण नाही.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल टोक पिनच्या बाहेरच्या नळीला, काळं आतल्या भोकात. आकड्यापुढे वजा चिन्ह नसेल तर दिशा बरोबर आहे. जुना मूळ अडॅप्टर भाराशिवाय १२ ते १४ व्होल्ट दाखवतो. तो रेग्युलेटेड नसल्यानं हे ठीकच आहे, घाबरू नका. नवा घेत असाल तर ९ व्होल्ट, २ अँपियरचा रेग्युलेटेड घ्या आणि पिनेच्या दोन तारा कापून अदलाबदल करून डाख द्या. वर उष्णतेनं आक्रसणारी नळी चढवा, आणि अडॅप्टरवर मोठ्या अक्षरात 'फक्त स्पेक्ट्रम' असं लिहून ठेवा. घरात कोणी तो राउटरला लावला तर राउटर जाईल.

पावसाळ्यात काढला असेल तर आठ-दहा दिवस कोरड्या खोलीत उघडा ठेवा. मागच्या एज-कनेक्टरवर माळव्याची काळी, बारीक धूळ ओल धरून बसलेली असते. ती मऊ ब्रशनं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं काढा.

सुरू होतो, पण स्क्रीनवर रंगीत चौकोन किंवा उभे पट्टे येतात.

चांगलं यंत्र सुरू होताना क्षणभर काळं पडतं, मग पांढऱ्या पडद्याच्या तळाशी सिंक्लेअर या मूळ कंपनीच्या नावाची १९८२ ची ओळ येते. चौकोनांवरच अडकलं तर पहिला संशय खालच्या १६के मेमरीवर घ्यायचा. तिथे ४११६ जातीच्या आठ चिप्स असतात, आणि त्यांना तीन वेगवेगळी व्होल्टेज लागतात. पिन १ वर वजा ५, पिन ८ वर अधिक १२, पिन ९ वर अधिक ५, आणि पिन १६ म्हणजे ग्राउंड. वजा ५ येत नसेल तर यंत्र लगेच बंद करा. त्या एका व्होल्टेजशिवाय या चिप्स तापून मरतात, त्यामुळे 'अजून एकदा पाहू' करत राहिलात तर एका ट्रान्झिस्टरचं काम आठ चिप्सवर जातं.

तिन्ही व्होल्टेज नीट असतील तर बोटानं चिप्स चाचपा. बाकीच्यांपेक्षा चटका देणारी चिप बहुधा गेलेली असते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र न तपासता सगळेच बदला. चाळीस वर्षांत आणि इथल्या उन्हाळ्यांत ते वाळलेले असतात. किंमत किरकोळ आहे, काम तासाभराचं. फक्त बदलताना धन-ऋण बाजू नीट जुळवा.

आतला ७८०५ रेग्युलेटर खूप तापतो हेही नेहमी विचारलं जातं. तापणं हा त्याचा स्वभावच आहे, ९ व्होल्टमधले वरचे चार तो उष्णता करून फेकतो. पण मे महिन्यात ४२ अंशांत तासभर खेळायचं असेल तर त्याच्या जागी त्याच तीन पायांचा ५ व्होल्टचा स्विचिंग रेग्युलेटर लावा. यंत्र हाताला जेमतेम कोमट लागेल.

एक अख्खी ओळ किंवा काही ठरावीक कळा चालतच नाहीत.

मेम्ब्रेन गेला. कळांखालच्या प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर छापलेले मार्ग असतात, आणि फळीत खोचलेलं तिचं टोक ठिसूळ होऊन चिरतं. झाकण उघडताना ती पट्टी ताणली जाणार नाही इतकंच उचला. चीर सॉकेटच्या अगदी जवळ असेल तर टोकाचे काही मिलिमीटर सरळ कापून पुन्हा खोचता येतं. एकदा जमतं, दुसऱ्यांदा लांबी पुरत नाही. नवा मेम्ब्रेन मागवताना 'प्लस'चा असं स्पष्ट सांगा, कारण रबरी कळांच्या स्पेक्ट्रमचा यात बसत नाही.

आजच्या टीव्हीवर चित्र कसं आणायचं?

यंत्रातून यूएचएफ चॅनल ३६ वर पाल सिग्नल निघतो. अँटेनाची जागा आणि जुनं अॅनालॉग ट्यूनिंग असलेला टीव्ही असेल तर तो शोधून काढेल, चित्र मात्र वाळूसारखं दिसेल. त्यापेक्षा कंपोझिट करा. मॉड्युलेटरच्या, म्हणजे अँटेनासाठी सिग्नल बनवणाऱ्या चंदेरी डबीत फळीवरून दोन तारा जातात, एक ५ व्होल्टची आणि एक चित्राची. दोन्ही सोडवा. डबीच्या आत सॉकेटच्या मधल्या टोकाला लागलेला रेझिस्टर काढा आणि चित्राची तार थेट त्या टोकाला जोडा. ५ व्होल्टच्या तारेवर टेप गुंडाळा. मग तोच सॉकेट टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटला.

टीव्हीत 'गेम मोड' असेल तर सुरू करा. सपाट टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ घालवतो, आणि या खेळात तेवढ्या उशिरानं उडी चुकते. जड, काचेचा जुना टीव्ही घरात असेल तर भंगारात देऊ नका.

कॅसेट लोड होत नाही. 'आर टेप लोडिंग एरर' येतो.

आधी पडद्याची कड पाहायला शिका, दोष तीच सांगते. 'जे' (J) ही कळ दाबली की 'लोड' उमटतं. मग सिम्बल शिफ्ट धरून पी दोनदा, आणि एंटर. टेप सुरू केली की कडेला जाड लाल-निळसर पट्टे यायला हवेत. हा सुमारे ८०७ हर्ट्झचा एकसुरी आवाज, 'मी येतोय' अशी वर्दी देणारा. त्यानंतर बारीक पिवळे-निळे पट्टे येतात, तो खरा मजकूर. लाल पट्टेच आले नाहीत तर आवाज कमी आहे किंवा वायर गेली आहे. लाल नीट येऊन पिवळ्यात मध्येच तुटलं तर टेपरेकॉर्डरचं डोकं तिरकं झालंय.

डोक्याच्या बाजूला स्प्रिंग लावलेला एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून, कान स्पीकरला लावून तो पाव-पाव फेरा फिरवा. आवाज जिथे सगळ्यात तीक्ष्ण, झोंबणारा होतो ती जागा बरोबर. घुसमटल्यासारखा आवाज येत असेल तर एकचे आणि शून्याचे ठोके एकमेकांत मिसळताहेत. शून्याचा ठोका एकच्या ठोक्याच्या निम्म्या लांबीचा असतो, त्यामुळे तीक्ष्णता गेली की आधी शून्यं हरवतात.

बाकी कारणं नेहमीची. डोक्यावर तपकिरी थर असेल तर अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. रबरी पट्टा वितळून डांबर झाला असेल तर बदला. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट चांगल्या यंत्रात मुळीच घालू नका. कॅसेटमधला स्पंजचा तुकडा गळून पडला असेल तर टाकाऊ कॅसेटमधला काढून लावता येतो.

फोनवरून लोड करता येतं का?

हो, आणि कॅसेटपेक्षा खात्रीनं. टेपची फाइल ४४.१ किलोहर्ट्झच्या वेव्हमध्ये बदला. एमपी३ नको, कारण त्यात कानाला न जाणवणाऱ्या म्हणून गाळलेल्या गोष्टीच स्पेक्ट्रमला हव्या असतात. फोन विमान मोडवर टाका, इक्वलायझर आणि 'डॉल्बी'सारखे सगळे परिणाम बंद करा, आवाज ऐंशी टक्क्यांपासून पूर्णपर्यंत चढवत पाहा. वायर ३.५ मिलिमीटरची मोनो घ्या आणि 'इअर' सॉकेटमध्ये लावा, 'माइक'मध्ये नव्हे. पूर्ण खेळ यायला काही मिनिटं लागतात. मध्ये एक मेसेज वाजला तरी पहिल्यापासून.

कोणत्या कळा?

वरच्या अक्षरओळीत एकाआड एक. क्यू, ई, टी, यू, ओ डावीकडे, डब्ल्यू, आर, वाय, आय, पी उजवीकडे. सगळी खालची ओळ उडीसाठी. ए ते जी थांबवायला, एच ते एंटर धून चालू-बंद करायला. थांबवल्यावर हवा कमी होत नाही.

एवढा अवघड का वाटतो? हात म्हातारे झाले म्हणून?

हात नव्हे. खेळ तसाच बांधलाय. उडी एकदा घेतली की हवेत दिशा बदलता येत नाही. विलीचं प्रत्येक पाऊल २ पिक्सेलचं. उडी १८ पावलांची, म्हणजे ३६ पिक्सेल पुढे, आणि सर्वोच्च जागी २० पिक्सेल वर. एक घर ८ पिक्सेलचं, म्हणून साडेचार घरं लांब आणि अडीच घरं उंच. स्वतःच्या उंचीच्या दुपटीहून जास्त खोल पडला तर मेला. नशिबाचा भाग कुठेच नाही. राखणदार, म्हणजे गुहेतले शत्रू, दर वेळी त्याच रेषेत, त्याच चालीनं फिरतात. त्यामुळे प्रत्येक गुहा पाठ करता येते, आणि पाठच करावी लागते.

नवख्यानं पहिल्या तीन गुहांत हात बसवावा. पाचवी युजीन नावाच्या राखणदाराची. तिथे शेवटची किल्ली उचलली की तो खाली येऊन दाराच्या वाटेत बसतो, म्हणून शेवटची किल्ली कोणती उरवायची हे आधी ठरवा. एकोणिसाव्या सोलर पॉवर जनरेटरमध्ये प्रकाशाचा झोत अंगावर पडला की हवा झपाट्यानं जाते. तिथे धीर धरणाऱ्यापेक्षा वाट पाठ असणारा टिकतो.

ती धून अशी तुटक, कुरकुरती का वाजते?

या यंत्रात संगीताची वेगळी चिप नाही. आहे तो रुपयाएवढा स्पीकर आणि २५४ क्रमांकाच्या पोर्टवरचा एक बिट. बिट वर केला की स्पीकरचा पडदा एकीकडे, खाली केला की दुसरीकडे. सूर हवा असेल तर झेड८० प्रोसेसरनं स्वतः बसून तो बिट शेकडो वेळा हलवायचा. आणि तो हलवत असताना त्याला दुसरं काहीही करता येत नाही.

म्हणूनच तोवरच्या स्पेक्ट्रमच्या खेळांत खेळताना अखंड संगीत नव्हतं. मॅथ्यू स्मिथनं प्रोसेसरचा वेळ वाटून दिला. खेळाची एक फेरी म्हणजे राखणदार हलवा, विली हलवा, चित्र पडद्यावर उतरवा. सेकंदाला अशा साधारण बारा फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत एकदा, सुमारे नऊ मिलिसेकंद, फक्त सूर वाजतो. उरलेला वेळ शांतता. पेटीची एकच पट्टी बोटानं सेकंदाला बारा वेळा टिचकी मारून वाजवली तर जसं होईल तसं. कान मधली भोकं स्वतः भरून घेतो.

धुनेत ६४ सूर साठवलेले आहेत आणि प्रत्येक सूर लागोपाठ दोन फेऱ्या वाजतो. म्हणजे अख्खं आवर्तन १२८ फेऱ्यांचं, सुमारे दहा-अकरा सेकंदांचं. आता हे चालीशी जोडून पाहा. एक फेरी म्हणजे विलीचं एक पाऊल. एक घर चालायला चार पावलं, म्हणजे दोन सूर. एक उडी अठरा पावलांची, म्हणजे बरोबर नऊ सूर. संगीत आणि खेळ एकाच चक्रावर बांधलेले आहेत. वर्षांनंतरही धून ऐकली की बोटं आपोआप हलतात त्याचं कारण हेच. तबलजीच्या हाताला जसा ठेका, तशी ती लय हातात बसलेली असते.

धून कोणाची? पेटीवर वाजवता येईल का?

खेळतानाची धून नॉर्वेच्या एडवर्ड ग्रीगची, 'पीअर गिंट' नाटकासाठी लिहिलेली, डोंगरराजाच्या दरबाराची. सुरुवातीच्या पडद्यावर वाजतो तो योहान स्ट्राउसचा 'ब्लू डॅन्यूब'. तिथे दोन सूर एकदम वाजतात आणि चित्रातल्या पियानोच्या पट्ट्या रंग बदलतात. तेव्हा खेळ सुरू नसल्यानं प्रोसेसर मोकळा असतो, म्हणून ते परवडतं.

पेटीवर नक्की येते. कोणतीही पट्टी सा धरा. पहिली ओळ : सा, रे, कोमल ग, म, प, कोमल ग, प. मग तीव्र म, रे, तीव्र म. मग शुद्ध म, कोमल रे, शुद्ध म. पुन्हा पहिली ओळ, आणि शेवट वर जाऊन : तार सा, कोमल नि, प, कोमल ग, प, कोमल नि. दोन्ही म आणि दोन्ही रे एकाच ओळीत येतात, त्यामुळे कुठल्या रागात बसवू नका. ती घसरण जशी आहे तशीच वाजवा, सगळी गंमत तिच्यात आहे. भाता मारून सूर लांबवू नका, प्रत्येक सूर तोडून वाजवा.

पेटीला यंत्राशी जुळवायला गेलात तर वरचे सूर किंचित चढे-उतरे लागतील. पेटी बेसूर नाही. यंत्रात सुराची उंची एका पूर्णांकावर ठरते. खालच्या सुरांना हा आकडा मोठा असतो, म्हणून चूक नगण्य. वरच्या सुरांना आकडा लहान, म्हणून एकाचा फरकही कानाला कळतो.

धून बंद करून खेळलं तर सोपं जातं का?

उलट. धून बंद केली की ते नऊ मिलिसेकंद वाचतात आणि खेळ किंचित वेगानं पळतो. हातात बसलेली वेळ चुकते. शिवाय तळाशी उरलेले जीव नाचतात तेही धुनेच्या सुरांवरच. धून थांबली की ते जागीच गोठतात. घरच्यांना आवाजाचा त्रास होत असेल तर कळ न दाबता स्पीकरवर रुमाल टाका.

आवाज फार बारीक आहे. मोठा कसा करायचा, रेकॉर्ड कसा करायचा?

स्पेक्ट्रमचा आवाज टीव्हीतून येत नाही, मॉड्युलेटरमध्ये त्याची सोयच नाही. खेळ लोड झाल्यावर इअर सॉकेटमधली वायर फोनमधून काढून अॅम्प्लिफायर असलेल्या स्पीकरला लावा. ब्लूटूथ स्पीकर नको. तो आवाज उशिरा पोचवतो, आणि चाल व सूर यांचं नातं तुटतं. रेकॉर्ड करताना पातळी निम्म्याखाली ठेवा आणि आवाज 'स्वच्छ' करणारी सोय बंद करा. ती मधली शांतता गोंगाट समजून पुसते आणि धून गुळगुळीत, निर्जीव होते.

फसवणुकीचे आकडे कोणते होते?

बग-बाइटच्या आवृत्तीत खेळताना ६०३१७६९ टाइप करा, जिवांच्या शेजारी बूट दिसेल, म्हणजे फसवणूक सुरू झाली. सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्सच्या आवृत्तीत 'टाइपरायटर' हा शब्द इंग्रजीत टाइप करायचा. मग १ ते ५ या कळांच्या किमती अनुक्रमे १, २, ४, ८, १६ धरा. गुहेच्या क्रमांकातून एक वजा करा, तेवढी बेरीज होईल त्या कळा धरून ६ दाबा. विसाव्या गुहेसाठी १९, म्हणजे १, २ आणि ५ धरून ६. स्वस्त यूएसबी कीबोर्ड एका वेळी चार कळा ओळखत नाहीत, तेव्हा दोष आकड्याला देऊ नका. न संपणाऱ्या जिवांसाठी पोक, म्हणजे मेमरीतल्या एका जागी थेट आकडा लिहिणारी आज्ञा : ३५१३६, ०. एम्युलेटरमध्ये, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, पोकसाठी वेगळा मेनू असतो.

सराव करायला हे छान आहे. पण विसावी गुहा प्रामाणिकपणे पार केली तरच तलवारमासा दिसतो. नंतर खेळ पहिल्या गुहेपासून पुन्हा सुरू होतो, गुण चालू राहतात.

यंत्रच नाही. कॉम्प्युटरवर खेळलं तर तोच अनुभव येतो का?

बराचसा. फ्यूज हा एम्युलेटर विनामूल्य आहे. यंत्र '४८के' निवडा, वेग शंभर टक्के, आवाजात 'बीपर' चालू. रॉमचे, म्हणजे यंत्रात कायम भरलेल्या मूळ प्रोग्रॅमचे, हक्क अॅमस्ट्रॅड कंपनीकडे होते आणि एम्युलेटरसोबत ते वाटायला त्यांनी परवानगी दिली होती. खेळाचे हक्क वेगळे असतात, ते गृहीत धरू नका. फोनच्या काचेवर बोटं टेकवून खेळू नका, ओटीजी वायरनं खरा कीबोर्ड जोडा. हेडफोन तारेचाच.

नंतरचा जेट सेट विली जास्त अवघड की हा?

तो १९८४ चा, आणि अवघडपणा वेगळ्या जातीचा. गुहा क्रमानं येत नाहीत, अख्खा वाडा फिरायचा असतो. मूळ आवृत्तीत अॅटिक या खोलीत गेलं की इतर खोल्या बिघडत आणि खेळ पुरा करणं अशक्य होई. त्यावर चार पोक आहेत : ५९९०१, ८२. ५६८७६, ४. ६०२३१, ०. ४२१८३, ११. लोड झाल्यावर, खेळ सुरू करण्याआधी द्या.

आणि तिथली धून नीट ऐका. एकेक जीव गेला की प्रत्येक सुराच्या आकड्यात चार मिळवले जातात, त्यामुळे धून खाली उतरत जाते. पण ही भर सरसकट सारखी असल्यानं लहान आकड्यांचे वरचे सूर जास्त उतरतात, खालचे कमी. स्वरांमधली अंतरंच बदलतात. शेवटच्या जिवावर धून बेसूर लागली तर स्पीकर तपासायला उघडू नका, ती तशीच लिहिलेली आहे.